पाच गुंठ्यांचे ग्रीन, दहा गुंठ्यांचा फटका

श्रीरामपूरच्या माणसाला जमिनीचा अंदाज नजरेनेच येतो. बांधावर उभे राहून समोरचा तुकडा किती गुंठे आहे, हे तो टेप न लावता सांगतो. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. यार्डात मोजायचे तर अकरा बाय अकरा. गोल्फमध्ये सगळी अंतरे यार्डात सांगतात, त्यामुळे हे माप तिथे फार उपयोगी पडते. गोल्फच्या मैदानावर झेंडा रोवलेला जो हिरवागार, बारीक कापलेला भाग असतो, त्या ग्रीनचे क्षेत्रफळ सर्वसाधारणपणे पाच-साडेपाच हजार चौरस फूट असते. म्हणजे सुमारे पाच गुंठे. आता हौशी खेळाडूने दीडशे यार्डांवरून एकाच क्लबने मारलेले वीस चेंडू डोळ्यांसमोर आणा. ते सहज चाळीस यार्ड रुंद आणि तीस यार्ड लांब अशा पट्ट्यात विखुरतात. बाराशे चौरस यार्ड, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. लक्ष्य पाच गुंठ्यांचे आणि फटका दहा गुंठ्यांचा, हे गणित एकदा मनावर ठसले की तळ्याकाठच्या, झाडीतल्या अवघड मैदानावर कसे खेळावे याचे निम्मे उत्तर हाती येते. नेम अचूक धरला तरी बरेच चेंडू ग्रीनबाहेर पडणारच. ते पडावेत कुठे, पाण्यात, झाडीत की साध्या गवतावर, एवढेच आपल्या हातात असते. असे मैदान सांभाळता येते ते ताकदीवर किंवा सुंदर स्विंगवर नव्हे, तर चुकण्याची जागा आधी निवडण्यावर, हे या लेखाचे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात अशा मैदानाचे ठळक उदाहरण म्हणजे लोणावळ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, सह्याद्रीच्या डोंगरात वसलेल्या अॅम्बी व्हॅलीचे 18 होलचे, पार 72 चे मैदान. तळी, उतार आणि झाडी हेच त्याचे रूप. रात्री खेळता यावे म्हणून तिथे दिव्यांचीही सोय केली गेली. 2013 साली गोल्फ प्रीमियर लीगचे सामने तिथेच प्रकाशझोतात झाले होते. त्या वसाहतीची मालकी आणि जप्ती यांचे वाद अनेक वर्षे न्यायालयांत गाजत आहेत. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिलावाचाही आदेश दिला होता. म्हणून जाण्याआधी मैदान खुले आहे का आणि बाहेरच्यांना खेळू देतात का, हे फोन करून विचारून घ्यावे. पुण्याजवळ बावधनच्या बाजूला टेकड्यांवर ऑक्सफर्डचे मैदान आहे, येरवड्याला पूना क्लबचे जुने मैदान आहे. प्रत्येकाची अडचण वेगळी, पण पुढचा हिशोब सगळीकडे लागू पडतो. श्रीरामपूरहून राहुरी, अहिल्यानगर, शिरूर करत पुणे, मग लोणावळा आणि तिथून घाटातला रस्ता असा पल्ला आहे. गाडीतून उतरून थेट पहिल्या टीवर उभे राहू नका. आदल्या दिवशी पोहोचा आणि सकाळची लवकरची वेळ मागून घ्या. डोंगरात सकाळी वारा पडलेला असतो, दुपारनंतर पश्चिमेकडून उठतो. आणि जून ते सप्टेंबर विसरा. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणावळ्याच्या पट्ट्यात त्याच्या कित्येक पट. तिथल्या पावसाळ्यात गोल्फ होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ.

आता मूळ हिशोबाकडे येऊ, कारण सगळे त्यावरच उभे आहे. एक पार तीन होल धरा. अंतर दीडशे यार्ड. ग्रीन पंचवीस यार्ड रुंद, डाव्या काठाला चिकटून तळे, आणि झेंडा डाव्या काठापासून फक्त चार यार्ड आत. तुमचे वीसपैकी एकोणीस चेंडू चाळीस यार्ड रुंदीत पडतात, मध्याभोवती दाट आणि कडेला विरळ. झेंड्यावर नेम धरलात, तर या हिशोबाने वीसपैकी सुमारे सात चेंडू तळ्यात जातात. सात! म्हणजे दर तीन चेंडूंमागे एक. तोच नेम ग्रीनच्या मध्यावर धरला, झेंड्याच्या साडेआठ यार्ड उजवीकडे, तर पाण्यात जाणारे चेंडू दोनवर येतात. मध्याच्याही चार यार्ड उजवीकडे सरकलात तर उरतो एक. स्विंग तोच, क्लब तोच, हात तेच. बदलली फक्त पावलांची दिशा. शिवाय मध्यावर नेम धरल्याने ग्रीनच्या रुंदीत पडणारे चेंडूही वाढतात. झेंड्यावर नेम धरताना वीसपैकी तेरा रुंदीत बसत होते, आता सोळा बसतात. लांबीतली चूक यात धरलेली नाही, पण दोन्ही वेळा ती सारखीच राहील. तळ्यातला प्रत्येक चेंडू दंडाचा एक फटका आणि पुन्हा एक अवघड फटका मागतो. त्याच्या बदल्यात मध्यावर नेम धरणाऱ्याला पंधरा-वीस फुटांऐवजी तीस-पस्तीस फुटांवरून पटिंग करावे लागते. व्यावसायिक खेळाडूंचेही आठ फुटांवरचे निम्मेच पट होलमध्ये जातात. तेव्हा हौशी माणसाने वीस फूट आणि पस्तीस फूट यांतल्या फरकासाठी सात चेंडू पाण्यात घालणे हा सरळ तोट्याचा सौदा आहे.

या हिशोबाला एक अट आहे: स्वतःचा पसारा ठाऊक हवा. बहुतेकांना तो ठाऊक नसतो. त्यांना आपला सर्वांत चांगला फटका ठाऊक असतो. सात नंबरच्या आयर्नने एकदा दीडशे यार्ड गेलेला चेंडू वर्षभर लक्षात राहतो आणि एकशेतीसवर पडलेले पंधरा चेंडू विसरले जातात. हे मोजण्याची सोय श्रीरामपूरच्या परिसरात पुण्यापेक्षा चांगली आहे. गहू काढून झालेले, अजून न नांगरलेले सपाट रान पाहा आणि मालकाची रीतसर परवानगी घ्या. समोर माणूस, जनावर, विहीर, रस्ता किंवा घर नाही याची खात्री करा. दीडशे यार्डांसाठी चौदा गुंठ्यांच्या बाजूंएवढी लांबी लागते, आणि पुढे-मागे मोकळी जागा ठेवायची म्हणजे वीस बाजूंएवढा पट्टा. दर अकरा यार्डांवर चुन्याची खूण करा. एका क्लबने वीस चेंडू मारा, चांगले वाईट सगळे मोजा, आणि प्रत्येक चेंडू जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकला ती जागा टिपा. घरंगळून थांबला ती नव्हे. तळे ओलांडायचे असते ते हवेतूनच; उन्हाने टणक झालेल्या रानात चेंडू पडून आणखी वीस यार्ड पळाला, तर ते वीस यार्ड पाण्यावर उपयोगाचे नाहीत. हे काम दोघांनी करावे, एकाने मारावे आणि दुसऱ्याने बाजूला सुरक्षित उभे राहून खुणा कराव्यात. एक मधला आयर्न, एक हायब्रीड आणि एक वेज, एवढ्या तीन क्लबांची मोजणी पुरे. ड्रायव्हरचा पसारा शेतात मोजू नका, तो फार दूर जातो. त्यासाठी पुण्यातल्या एखाद्या ड्रायव्हिंग रेंजवर तासभर काढावा. दिशेतल्या चुकीबद्दल इतके लक्षात ठेवा: चेंडू पाच अंशांनी वाकडा सुटला तर दोनशे यार्डांवर तो सतरा-अठरा यार्ड बाजूला पडतो, आठ अंशांनी सुटला तर अठ्ठावीस. डोळ्याला आठ अंश काहीच वाटत नाहीत, झाडीला मात्र ते पुरतात.

मैदानावर पोहोचल्यावर पहिला उपयोग कॅडीचा. तो बहुधा आसपासच्या गावातला असतो आणि प्रत्येक ग्रीनचा उतार त्याला पायाखालचा असतो. लोक त्याला विचारतात, ‘दादा, किती यार्ड?’ हा प्रश्न कामाचा आहे, पण अपुरा. त्याला विचारा, ‘इथं कुठं चुकलेलं चालतं?’ त्याचे उत्तर यार्डांपेक्षा मोलाचे असते, कारण शेकडो लोकांचे चुकलेले चेंडू शोधत त्याने ते मैदान शिकलेले असते. तो म्हणाला ‘उजवीकडं मोकळं आहे, मागं जाऊ नका’, तर तुमचा नेम ठरला. वाऱ्याचा अंदाज टीवर उभे राहून घेऊ नका. दाट झाडीत टी झाकलेली असते, तिथे पान हलत नाही आणि चेंडू शेंड्यांच्या वर गेला की वारा त्याला पकडतो. म्हणून झाडांचे शेंडे पाहा आणि तळ्याच्या पाण्यावरच्या लहरी पाहा. लहरी ज्या दिशेने सरकतात ती ग्रीनजवळच्या वाऱ्याची दिशा. उंच टीवरून खाली तळ्यापलीकडे मारायचे असेल तर दर दहा फूट उतारामागे साधारण तीन यार्ड कमी धरा. डोंगरावर हवा विरळ म्हणून चेंडू लांब जाईल, या भरवशावर मात्र राहू नका. लोणावळा आणि श्रीरामपूर यांच्या उंचीत तेवढा फरक पडावा इतके अंतर नाही, आणि पहाटेच्या गार हवेत चेंडू उलट थोडा कमीच जातो. ग्रीनपुढे पाणी असेल तेव्हा झेंड्याचे अंतर विचारून थांबू नका, ग्रीनच्या मागच्या काठाचे अंतरही विचारा. हौशी खेळाडूंचे बहुतेक चेंडू लांब नव्हे, आखूड पडतात. मागे बंकर किंवा गवत असेल आणि पुढे तळे, तर एक क्लब मोठा घेऊन शांतपणे मारणे हेच शहाणपण.

एक गोष्ट मात्र सरसकट सांगितली जाते आणि ती चुकीची आहे. पाणी टाळा, झाडीकडे मारा, पाण्यात गेलेला चेंडू गेला, झाडीतला सापडतो, असे म्हणतात. झाडी विरळ असेल तर हे खरे. पण सह्याद्रीच्या उतारावर करवंदीच्या जाळ्या आणि दाट रान असेल तर हिशोब उलटा होतो, आणि तो समजण्यासाठी नियम नीट माहीत हवेत. 2019 पासून नियमांत ‘पेनल्टी एरिया’ ही संज्ञा आली. लाल खुंटांनी आखलेल्या पाण्यात चेंडू गेला, तर एका फटक्याच्या दंडाने तो जिथून त्या हद्दीत शिरला त्या जागेपासून दोन क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, ड्रॉप करता येतो. पिवळ्या खुंटांच्या पाण्याला ही बाजूची सवलत नाही. तिथे पाण्याच्या मागे, होल आणि शिरण्याची जागा यांच्या रेषेत जावे लागते, किंवा मूळ जागेवरून पुन्हा मारावे लागते. उलट रानात चेंडू हरवला आणि ते रान पेनल्टी एरिया म्हणून आखलेले नसेल, तर एक फटका दंड आणि पुन्हा मूळ जागी परत, म्हणजे अंतरही गेले आणि फटकाही. शोधायला वेळ तीन मिनिटांचा, पूर्वी पाच मिनिटे मिळत. म्हणजे डावीकडे लाल खुंटांचे तळे आणि उजवीकडे चेंडू गिळणारे रान असेल, तर दोन वाइटांतले तळे स्वस्त पडते. काही मैदाने स्थानिक नियम करून हरवलेल्या चेंडूसाठी मागे न जाता दोन फटक्यांच्या दंडाने पुढे ड्रॉप करू देतात. तो नियम लागू आहे का, हे सुरुवातीलाच विचारा. रानात गेला असे वाटले तर पुढे जाण्याआधी ‘प्रोव्हिजनल मारतो’ असे मोठ्याने सांगून दुसरा चेंडू मारून ठेवा. चेंडू पाण्यातच गेला हे नक्की असेल तर प्रोव्हिजनल चालत नाही, तिथे ड्रॉपच.

झाडीत चेंडू सापडला, की पुढचा मोह सुरू होतो. झाडात पोकळीच जास्त, फट दिसते आहे, मारून टाकू! ही समजूत किती महागात पडते ते मोजून पाहा. एका झाडाच्या विस्तारातून चेंडू सुटण्याची शक्यता दहात सहा धरली, तर एकामागे एक तीन झाडे असताना ती दहात जेमतेम दोनवर येते. उरलेल्या आठ वेळा चेंडू फांदीला आपटून कुठे जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून सर्वांत रुंद फट शोधा, मग ती बाजूला असो की थोडी मागे. चेंडू उजव्या पायाजवळ ठेवा, सहा किंवा सात नंबरचा आयर्न घ्या, हात चेंडूच्या पुढे ठेवा आणि क्लब कमरेच्या वर न नेता खुंटवून मारा. चेंडू खालून निघतो आणि फेअरवेवर येतो. एक फटका गेला, पण होल हातात राहिला.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप अभ्यासाकडून येतो आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी अमेरिकी व्यावसायिक दौऱ्यातल्या प्रत्येक फटक्याच्या नोंदी तपासून 2014 साली ‘एव्हरी शॉट काउंट्स’ हे पुस्तक लिहिले. चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधला सुमारे दोन तृतीयांश फरक लांब फटक्यांतून येतो, पटिंगमधून नव्हे, असे त्यांनी दाखवले. ‘आवडीच्या शंभर यार्डांवर थांबतो’ हा जुना सल्लाही त्यांनी खोडला. बहुतेक वेळा जितके जवळ तितके बरे. मग आखूड खेळा, मागे थांबा, असे सांगणारा लेख आकड्यांच्या विरुद्ध नाही का? मला वाटते, नाही. कारण या लेखाचा सल्ला मागे थांबण्याचा नाही. ब्रोडींच्या आकड्यांतूनच हेही निघते की दंडाचे फटके आणि हरवलेले चेंडू ही जवळ जाण्याच्या फायद्यावर पाणी फिरवणारी गोष्ट आहे. म्हणून नियम असा ठेवा: जितके पुढे जाता येईल तितके जा, जोवर तुमचा सगळा पसारा कोरड्या जमिनीवर मावतो. दोनशेदहा यार्डांवर तळे सुरू होत असेल आणि तुमच्या हायब्रीडचे वीसपैकी एकोणीस चेंडू एकशेनव्वदच्या आत थांबत असतील, तर हायब्रीडच मारा, विनाकारण आठ नंबर काढून शंभर यार्ड मागे बसू नका. तळे ओलांडायचे असेल तर हाच नियम उलटा लावा: तुमचे आखूड पडणारे फटकेही पलीकडे पोहोचतात का? पोहोचत असतील तर ओलांडा, मनात किंतु न ठेवता. वीसपैकी दोनाहून जास्त भिजत असतील तर नको.

फ्लोरिडातल्या बे हिलच्या सहाव्या होलवर या दोन्ही बाजू इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. तळ्याला वळसा घालणारा हा पार पाच. 1998 मध्ये जॉन डेली यांनी तो थेट पाण्यावरून कापण्याचा हट्ट धरला, सहा चेंडू तळ्यात घातले आणि त्या एका होलवर अठरा फटके घेतले. 2021 मध्ये ब्रायसन डिशॅम्बो यांनी त्याच तळ्यावरून चेंडू ग्रीनच्या दिशेने नेला आणि स्पर्धा जिंकली. काही जण यातून धाडसाला यश मिळते असा निष्कर्ष काढतात. पण डिशॅम्बो यांचा आखूड पडलेला फटकाही पाण्यापलीकडे जाईल एवढी त्यांची पोच होती. धाडस दिसले ते पाहणाऱ्याला, मारणाऱ्याच्या बाजूने तो मोजलेला निर्णय होता. डेली यांच्याजवळ ताकदीची उणीव नव्हती. पाचव्या चेंडूनंतरही त्यांनी रेषा बदलली नाही, तिथे ते चुकले.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे कच्च्या खेळाडूंसाठी ठीक, पक्क्यांना याची गरज नाही. 1999 ची ब्रिटिश ओपन आठवा. कार्नूस्टीच्या शेवटच्या होलवर फ्रान्सच्या जाँ व्हान द वेल्द यांच्याकडे तीन फटक्यांची आघाडी होती. पार चारच्या त्या होलवर सहा फटके घेतले तरी विजेतेपद त्यांचे होते. ड्राइव्ह बाजूला गेल्यावर वेजने फेअरवेवर येण्याऐवजी त्यांनी लांब आयर्नने ग्रीनकडे मारले. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडला आपटून उंच गवतात आला, तिथून बॅरी बर्न या ओढ्यात गेला. शेवटी सात फटके झाले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकले. स्टँडला आपटून मागे येणे हे दुर्दैव होते, असे त्यांचे समर्थक म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण वेजच्या फटक्याच्या वाटेत ना स्टँड येत होता ना ओढा. दुर्दैवाला शिरायला वाट आपण किती रुंद ठेवतो, हे क्लब निवडतानाच ठरते. याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्या देशाचे आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 च्या ऑगस्टमध्ये, झाडीतल्या कासुमिगासेकी मैदानावर अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदकापासून अवघ्या एका फटक्याने दूर. ड्राइव्हच्या अंतरात ती त्या स्पर्धेत अगदी तळाच्या खेळाडूंत होती. सरळ फेअरवेवर राहणे आणि ग्रीनजवळची कामगिरी, या जोरावर तिने लांब मारणाऱ्या बहुतेकींना मागे टाकले. ब्रोडी म्हणतात तसा लांबीचा फायदा असतोच. पण लांबी नसताना निर्णयांच्या बळावर किती वर जाता येते हे तिने दाखवले.

राहिला आनंदाचा प्रश्न. इतका हिशोब करायचा तर खेळायचे कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. एवढ्या लांबून, एवढे पैसे भरून गेलेल्या माणसाला तळ्यावरून एक चेंडू उडवावासा वाटलाच पाहिजे. त्याला जागा आहे, आणि ती स्पर्धेच्या प्रकारात दडलेली आहे. स्टेबलफर्डमध्ये होल कितीही बिघडला तरी त्याचे शून्य गुण, त्याहून खाली जात नाही. म्हणून ज्या होलवर आधीच एक चूक झाली आहे, तिथे धोका घेण्याची किंमत कमी. मॅचप्लेमध्ये एक होल हरला म्हणजे एकच होल हरला. प्रतिस्पर्धी रानात असेल तर सांभाळून खेळा, तो झेंड्याजवळ असेल तर तळ्यावरून मारण्यात गमावण्यासारखे फारसे नाही. फटक्यांची बेरीज होणाऱ्या स्ट्रोकप्लेमध्ये मात्र प्रत्येक चेंडूचा हिशोब शेवटपर्यंत अंगावर राहतो. हौस करायची ती होल आणि प्रकार पाहून, आणि टीवर उभे राहण्याआधी ठरवून. मारता मारता मन बदलणे सर्वांत वाईट. एक खूण सांगतो: तळ्यापुढे उभे राहताना हात पिशवीतल्या जुन्या, खरचटलेल्या चेंडूकडे गेला, तर तुमच्या मनाने निकाल देऊन टाकला आहे. तेव्हा चेंडू बदलू नका, क्लब बदला किंवा नेम बदला.

आवर्तन कधी सुटते याकडे डोळे लावून बसणाऱ्या, भंडारदऱ्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या तालुक्यातला वाचक इथे विचारील, की गवताच्या मैदानासाठी एवढे पाणी खर्च करणारा खेळ आपण खेळावाच का? प्रश्न रास्त आहे. त्यावर माझे मत असे की सांडपाणी शुद्ध करून मैदानाला वापरणाऱ्या जागा निवडाव्यात, आरक्षण करताना हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर टाळले तर तसे समजावे. ग्राहक विचारू लागले की व्यवस्थापन ऐकते. खेळाडूच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. गोल्फचा चेंडू रबर आणि प्लॅस्टिकसारख्या कवचाचा असतो. तळ्याच्या तळाशी तो वर्षानुवर्षे पडून राहतो. पाण्यात कमी चेंडू घालणे हे कार्डासाठी चांगले आहेच, तळ्यासाठीही आहे.

एवढे करूनही चेंडू पाण्यात जाईल. वीसपैकी एक जाणारच होता, तो आज गेला. त्यानंतरच्या दोन मिनिटांत बहुतेकांची फेरी मोडते. चेंडू नेमका कुठून पाण्याच्या हद्दीत शिरला हे जोडीदाराला विचारून ठरवा. ड्रॉप घेताना चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा असतो. दोन क्लबची जागा उतारावर किंवा झाडाखाली येत असेल, तर रेषेत मागे जाऊन सपाट जागी ड्रॉप घ्या. वीस यार्ड जास्त पण पाय सपाट, हे नेहमी फायद्याचे. पुढचा फटका मागचा भरून काढण्यासाठी मारू नका. 2020 च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी, ऑगस्टाच्या एकशेपंचावन्न यार्डांच्या बाराव्या होलवर टायगर वुड्स यांनी तीन चेंडू पाण्यात घातले आणि पार तीनवर दहा फटके घेतले. त्यानंतरच्या सहा होलांपैकी पाचांवर त्यांनी बर्डी केली. फेरी संपल्यावर कार्डाच्या मागे दोनच गोष्टी लिहा: दंडाचे फटके किती, आणि त्यांतले किती वेळा नेम झेंड्यावर होता. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ असेल, तर पुढच्या वेळी स्विंग सुधारायला शिक्षक शोधण्याआधी पावले ग्रीनच्या मध्याकडे वळवा.